खिडकीच्या गजाशी बांधलेला पट्टा

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रोज पहाटे चाकाची खुर्ची फिरवण्याचा माझा नेम एका रात्रीत तुटला. मज्जारज्जूला छातीच्या पातळीवर इजा झालेल्या माणसासाठी व्यायाम ही हौस नसते. बरगड्यांमधले स्नायू दुबळे झाल्याने खोकल्याला जोर राहत नाही, कफ साचतो, आणि फुफ्फुसांवर घाला घालणाऱ्या साथीत मला याचीच सर्वांत जास्त धास्ती होती.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी व्हिडिओ कॉलवरून घडी बसवून दिली. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधायचा, खुर्चीचे ब्रेक लावायचे आणि कोपरे अंगाशी ठेवून पट्टा सावकाश मागे ओढायचा. मागे ओढण्यावरच त्यांचा भर होता, कारण दिवसभर चाके ढकलून छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायू आखडतात, आणि पलंगावरून खुर्चीत जाणेही त्याच खांद्यांवर अवलंबून असते. एप्रिलच्या उन्हाळ्यात मी हे सकाळी सातच्या आत आटोपत असे; इजेच्या खालच्या भागाला घाम नीट येत नसल्याने तापलेले अंग लवकर निवत नाही, म्हणून आई ओला पंचा मानेवर टाकून ठेवायची.

दर अर्ध्या तासाला पुढे वाकून दोन मिनिटे बैठकीवरचा भार हलका करणे मात्र मी एकदाही चुकवले नाही. त्या दिवसांत दाबव्रण (एकाच जागी सतत दाब पडून त्वचेला होणारी जखम) चिघळला असता, तर रुग्णालयात खाट मिळण्याचीही खात्री नव्हती.