राखाडी रोहितची गोष्ट

रविवारी भाचीला घेऊन शिवडीच्या जेट्टीवर गेले. ओहोटीची वेळ बघूनच निघालो होतो; पाणी हटलं, चिखल उघडा पडला की रोहित (फ्लेमिंगो) खायला उतरतात. समोर गुलाबी रांग आणि मधेच एक मळकट, राखाडी पोर.

"मावशी, ह्याला रंगवायचं राहिलं का गं?"

मग तिथेच गोष्ट रचली. एका राखाडी रोहितला गुलाबी व्हायचं होतं. त्याने मावळत्या सूर्याकडे रंग मागितला, जास्वंदीकडे मागितला. कुणी देईना. शेवटी भूक लागली म्हणून मान उलटी करून चोच चिखलात घातली आणि खातच राहिला. दोन-तीन वर्षं. (हे मात्र खरं हं. शेवाळातल्या आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतल्या रंगद्रव्यानेच त्यांची पिसं गुलाबी होतात.)

"रोज तेच तेच? बोअर!"

बोअर तर आहेच. चाळिशी उलटल्यावर पेटी शिकायला लागले, त्याला दीड वर्ष झालं. अजून भूपच चाललाय. शेजारच्या काकू भिंतीवर थापा मारतात, त्याही बेताल.

"मावशी, पंखाखाली बघ, जरासा गुलाबी आहे!"

मी दुर्बीण लावली. मला काही दिसेना. तिला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.