तिन्हीसांजेचे केस

फोंडा, श्रावण

दिवसभर पाऊस. आई पुढ्यात तायकिळ्याची भाजी निवडायला घेऊन मोबाइलवर ‘नजर’चे जुने भाग बघत होती. २०१८ची मालिका. त्यातल्या मोहना डायनीची सगळी ताकद तिच्या लांबलचक वेणीत. सुना सोज्वळ, डायन देखणी. हवं ते उघड मागणारी बाई दाखवायची झाली की आपल्या मालिकांना डायनच लागते.

मी न्हाऊन केस मोकळे ठेवून बाहेर आले, तर आई म्हणाली, “तिन्हीसांज झाली गो, केस बांध. आळवंतीण लागेल.”

आळवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. जिवंतपणी भोगलं ते भोगलं, वर मेल्यावर भीतीही तिचीच.

मला मात्र ‘बफी’ या अमेरिकन मालिकेतली विलो आठवली. कॉलेजात असताना एका मैत्रिणीकडून आणलेल्या सीड्यांवर पाहिली होती. १९९९च्या एका भागात विलो आणि टारा, दोघी जादू जाणणाऱ्या, जीव मुठीत घेऊन एका खोलीत शिरतात. दाराला काहीतरी आडवं लावायला हवं. एकटीने विलोला ते जड मशीन हलत नाही. टारा हळूच तिचा हात धरते, आणि मशीन सर्रकन दारावर जाऊन आदळतं. दोघींपैकी कुणी चकार शब्द बोलत नाही. मी तो तुकडा किती वेळा मागे नेऊन पाहिला, ते इथेही लिहिणार नाही.

दोघींचं चुंबन पडद्यावर यायला २००१ उजाडलं. तोवर जे काही होतं ते मंत्रातंत्रातून. पुढच्याच वर्षी टाराला गोळी घालून मारली आणि विलोचे तांबूस केस काळेभोर झाले. म्हणजे शेवटी चेटकीणच. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

आमच्या घरीही असा एक आडपडदा आहे. आई म्हणते, “तुझी मैत्रीण.” आठ वर्षं तोच शब्द. आधी मला तो बोचायचा. हल्ली त्याच शब्दात ती तिच्यासाठी माशाची तुकडी बाजूला काढून ठेवते, श्रावण संपल्यावर अर्थात.

साडेसातला ती मडगावहून आली, बस चुकली म्हणून चिंब भिजून. आईने मोबाइल पालथा ठेवला, तिला पाटावर बसवलं, पंच्याने डोकं खसाखसा पुसलं आणि फणी मागितली.

“तूही अशीच मोकळी फिरतेस?” म्हणत तिचीही वेणी घातली. घट्ट.