शीध म्हणजे पाताळ का?

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजला नेते. ती माणसांनी बांधलेली प्राचीन टेकडी आहे, आणि जुन्या कथांत ती एक 'शीध' आहे. परतीच्या वाटेवर गाडीत कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, हे म्हणजे आपलं पाताळच ना?" गाडीत उत्तर अर्धवटच राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

पाताळ नाही, आणि स्वर्गही नाही. जुन्या आयरिश भाषेतला शब्द आहे 'शीध'. शीध म्हणजे टेकडी किंवा मातीचा उंचवटा, आणि त्याच्या पोटातलं घरसुद्धा. कथा अशी, की माणसांनी आयर्लंड जिंकलं तेव्हा इथल्या देवांनी त्यांचं धान्य आणि दूध नासवलं. शेवटी माणसांना दाग्दा या थोरल्या देवाशी सलोखा करावा लागला. दाग्दानेच सगळ्या टेकड्या आपल्या लोकांत वाटून दिल्या. 'शीध'चा दुसरा अर्थ 'शांतता' असाही होतो. मला तरी हा योगायोग वाटत नाही. हे लोक खाली कुठे गाडले गेलेले नाहीत, ते शेजारी आहेत. खातात, पितात, लग्नं करतात, गुरांवरून भांडतात.

पाताळाची शंका येते ती न्यूग्रेंजच्या गाभाऱ्यामुळे. तिथे जळलेली मानवी हाडं सापडली, हे खरंच. पण टेकडी बांधली गेली इ. स. पूर्व 3200 च्या सुमारास, आणि आपल्या हाती असलेल्या कथा मध्ययुगातल्या ख्रिस्ती लेखनिकांनी उतरवलेल्या. बांधणाऱ्यांच्या मनात काय होतं ते कथांवरून ठरवता येत नाही. कथांमध्ये मात्र ते जिवंत देवाचं घर आहे. तिथली झाडं कायम फळांनी लगडलेली, एक डुक्कर सदा जिवंत आणि एक सदा शिजून तयार.

हे घर दाग्दाच्या मुलाने, ओएंगसने, कसं मिळवलं ते ऐका. वाटणीत त्याच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. तो म्हणाला, मला दिवस-रात्र इथे राहू द्या. एका दिवसाचा आणि एका रात्रीचा मुक्काम समजून बापाने होकार दिला. मुदत संपल्यावर ओएंगस म्हणाला, सगळं जग दिवस आणि रात्र यांचंच तर बनलंय, आणि तेच तुम्ही मला दिलंत. इंग्रजीत ही खुबी समजावून सांगावी लागते. मराठीत 'दिवस-रात्र' म्हटलं की झालं.

या कथेत माझं उत्तर आहे. शीध वेगळं आहे ते जागेने नाही, काळाने. याच न्यूग्रेंजमध्ये डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसांत सूर्योदयाचा किरण 19 मीटर लांबीच्या वाटेने आत येतो आणि जवळपास 17 मिनिटं थांबतो. 1967 साली उत्खनन करणारे मायकेल ओ'केली आत बसून राहिले आणि त्यांनी तो पाहिला.

पण मला सर्वांत प्रिय आहे ते रॉसकॉमन परगण्यातलं क्रुआखन, जुन्या कथांतल्या राजवाड्याचं ठिकाण. तिथल्या मांजरांच्या गुहेचं तोंड इतकं बुटकं, की बसून सरपटतच आत जावं लागतं. चिखल थेट कपड्यांत शिरतो. दाराच्या वरच्या दगडाच्या कडेवर ओघम या प्राचीन आयरिश लिपीच्या आडव्या-तिरप्या खाचा आहेत. मी बोट फिरवलं नाही, नुसता टॉर्च धरला. पुढे चुनखडीतली उभी भेग, आणि टॉर्च विझवला की स्वतःचा हातही दिसत नाही.

साउइन या जुन्या आयरिश सणाच्या रात्री, म्हणजे नोव्हेंबर लागण्याच्या आदल्या रात्री, शीधांची दारं उघडतात. अशाच एका रात्री नेरा नावाचा माणूस कढईभोवती बसलेल्या आपल्या लोकांतून बाहेर पडतो, परतताना क्रुआखनचा राजवाडा जळताना बघतो आणि जाळणाऱ्या सैन्यामागून या गुहेत शिरतो. आत त्याला घर मिळतं, बायको मिळते. तीच सांगते, तू पाहिलंस ते अजून घडलेलं नाही. जा, तुझ्या लोकांना सावध कर, ते अजून त्याच कढईभोवती बसलेत. पण माझ्यावर विश्वास कोण ठेवणार, असं तो विचारतो. तेव्हा ती म्हणते, उन्हाळ्याची फुलं-पानं घेऊन जा. तो रानलसूण, प्रिमरोज आणि सोनेरी नेचा घेऊन बाहेर पडतो. बाहेर हिवाळा लागलेला, आणि चुलीवरची कढई अजून उतरवलेली नाही.

पाताळातून कुणी अशी खूण घेऊन येत नाही. ती शेजारच्या घरातून आणता येते, जिथे या घटकेला उन्हाळा आहे.

नेरा नंतर परत आत गेला, बायको-मुलांकडे. कथा म्हणते, तो अजून तिथेच आहे आणि जगाच्या अंतापर्यंत बाहेर येणार नाही.