खांद्यांसाठी आलेल्या आजी आणि पाच मिनिटांचा काळा पडदा

आजींचं वय ७४. तक्रार खांद्यांची. दोन महिन्यांपासून सकाळी दोन्ही खांदे, मान आणि मांड्या जखडलेल्या असायच्या. पलंगावरून उठायला मुलीचा हात लागायचा, तास-दीड तासाने अंग मोकळं व्हायचं. फाइलमध्ये निदान होतं फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडण्याचा आजार.

फ्रोझन शोल्डर बहुधा एका बाजूला होतो. इथे दोन्ही खांदे आणि कंबरेचा भाग एकदमच धरला होता. दंडांची ताकद तपासली तर शाबूत होती. हात वर जात नव्हता तो दुखण्यामुळे. स्नायूंचाच आजार असता तर ताकद कमी झाली असती आणि रक्तातलं सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम वाढलं असतं. त्यांचं सीपीके नॉर्मल होतं. हे चित्र पॉलिमायाल्जिया रुमॅटिकाचं. नावात स्नायू असले (मायाल्जिया म्हणजे स्नायूदुखी) तरी सूज असते ती मुख्यतः सांध्यांच्या अस्तरात आणि भोवतालच्या द्रवाच्या पिशव्यांत. १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर असे रुग्ण काही दिवसांतच हिंडूफिरू लागतात.

तो डोस लिहिण्याआधी मी डोकं, जबडा आणि डोळे या तिन्हींबद्दल विचारतोच, कारण या आजारासोबत कधी कधी डोक्याच्या धमन्याही सुजलेल्या असतात.

“आजी, डोकं दुखतं?”

“उजवं कानशील उशीला टेकवत नाही.”

“आणि जेवताना?”

उत्तर मुलीने दिलं. “घास चावता चावता मध्येच थांबते. दात दाखवून आणले, दात चांगले आहेत.”

दाताचं दुखणं पहिल्या घासालाच कळतं. इथे चार-सहा वेळा चावल्यावर जबडा भरून यायचा आणि थांबलं की उतरायचा. चावणाऱ्या स्नायूंना रक्त कमी पडतं तेव्हा असं होतं. डोळ्यांचं विचारल्यावर आजी सहज म्हणाल्या, “परवा उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा आला होता. पाच मिनिटांत गेला. मोतीबिंदू असेल.”

मोतीबिंदूचा पडदा असा येऊन जात नाही. उजव्या कानशिलावरची धमनी बोटाला दोरीसारखी जाड लागली, ठोका लागत नव्हता. म्हणजे जायंट सेल आर्टरायटिस. हा पन्नाशीनंतरचा, बहुतेकदा सत्तरीतला आजार आहे. धमनीची भिंत आतून सुजते, वाट अरुंद होते, आणि डोळ्याच्या नसेला रक्त पुरवणारी शाखा बंद पडली तर गेलेली नजर सहसा परत येत नाही. उपचार झाले नाहीत तर दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो.

सहकाऱ्याचं म्हणणं होतं, आधी बायोप्सी करू, म्हणजे धमनीचा तुकडा काढून तपासू, नाहीतर स्टेरॉइडने पुरावा पुसला जाईल. ही भीती अनाठायी आहे. स्टेरॉइड सुरू केल्यावरही दोनेक आठवडे बायोप्सीत खुणा सापडतात. रक्त घेतलं आणि अहवालाची वाट न पाहता शिरेतून १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन सुरू केलं. ते तीन दिवस दिलं आणि पुढे तोंडाने रोज ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. संध्याकाळी अहवाल आले: सूज दाखवणाऱ्या चाचण्यांपैकी ईएसआर ९६ आणि सीआरपी चढलेलं, प्लेटलेट वाढलेल्या, हिमोग्लोबिन उतरलेलं.

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती त्या १५ मिलिग्रॅमची. ते दिले असते तर खांदे सुटले असते, आजी खूश होऊन घरी गेल्या असत्या आणि डोळा मात्र धोक्यातच राहिला असता. सांधेदुखीला पुरणारा डोस डोळा वाचवायला पुरत नाही.

पाचव्या दिवशी धमनीचा दीड सेंटिमीटरचा तुकडा काढला. सूज सलग नसते, मध्ये मध्ये निरोगी भाग असतो, म्हणून तुकडा आखूड घेतला तर आजार निसटतो. म्हणूनच बायोप्सी निगेटिव्ह आली तरी लक्षणं ठळक असतील तर उपचार थांबवायचे नसतात. आजींच्या तुकड्यात आजार स्पष्ट दिसला.

पडदा पुन्हा आला नाही. साखर मात्र वाढली, ती औषधाने आटोक्यात ठेवावी लागली. हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बिस्फॉस्फोनेट दिलं. स्टेरॉइड मनाने एकदम बंद करायचं नाही, हे मुलीला कागदावर लिहून दिलं. डोस उतरवत ८ मिलिग्रॅमवर आलो तेव्हा खांदे पुन्हा धरले, सीआरपी चढलं. डोकं, जबडा, डोळे पुन्हा विचारले, तिथे काही नव्हतं. १० वर नेलं आणि तिथून महिन्याला १ मिलिग्रॅम असं उतरवतो आहोत.