पाच चाकं, चार सकाळी : रिमच्या आतल्या बाजूची नोंद

गाडी हॅचबॅक. चार अलॉय १५ इंची, टायर १८५/६५. स्टेपनी स्टीलची, १४ इंची. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) उतरल्यावर, पहिल्या पावसाच्या आत पाचही चाकं उतरवून साफ करायची, तपासायची आणि परत बसवायची, एवढं काम. तक्रार एकच : ८०-९० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. वेळ रोज सकाळी साडेपाच ते आठ. आठनंतर अंगणातली फरशी तापते आणि चाकावर मारलेलं केमिकल घासायच्या आत वाळून जातं. या दिवसांत नागपुरात चाकं खराब होतात ती बहुधा मळाने नाही, वाळलेल्या केमिकलने आणि बोअरच्या पाण्याने.

पहिली सकाळ : उतरवणं आणि माती

जॅक फरशीवर, हँडब्रेक ओढलेला, तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून वीट. नट चाक जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करायचे. उतरवलेलं चाक गाडीच्या दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवायचं, म्हणजे जॅक घसरला तरी गाडी चाकावर बसते. एका वेळी एकच चाक. चाक हबला चिकटून बसलं असेल तर रिमवर हातोडा मारू नये. टायरला आतल्या बाजूने, आलटून पालटून दोन्हीकडून तळहाताने ठोसे दिले की सुटतं. चिकटण्याचं कारण हबवरचा गंज. तो तारेच्या ब्रशने काढून हबच्या मधल्या उंचवट्यावर अँटी-सीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात दिला. स्टडच्या (नट ज्यावर बसतो त्या बोल्टच्या) आट्यांना मात्र ग्रीस, तेल काहीच नाही. आटे बुळबुळीत झाले की त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) नट जास्त आवळला जातो आणि स्टड ताणला जातो.

स्टेअरिंगच्या थरथरीचं कारण डाव्या पुढच्या चाकाच्या आत सापडलं : मागच्या पावसाळ्यातली काळी माती, एकाच बाजूला थापून वाळलेली. बॅलन्सिंग करताना ५ किंवा १० ग्रॅमची पट्टी लावतात, हे ध्यानात घेतलं तर मूठभर मातीने काय होत असेल ते कळतं. ही माती वाळलेली असताना खरवडायची नाही. तिच्यातली गिट्टीची कच अलॉयच्या क्लिअरकोटवर (वरच्या पारदर्शक लेपावर) ओरखडे पाडते. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि धरलेली पकड सोडते, म्हणून चाक आडवं ठेवून ओलं गोणपाट २० मिनिटं आत दाबून ठेवलं. मग पाइपच्या धारेने ती ढलप्यांनी निघाली. मुरूम तसा सुटत नाही. त्याला शॅम्पूचं पाणी आणि मऊ ब्रशच लागतो.

दुसरी सकाळ : ब्रेकची धूळ

माती गेल्यावर आत करड्या-तपकिरी ठिपक्यांचा थर दिसतो. हाताला खरखरीत लागतो, शॅम्पूने जात नाही. ब्रेक दाबला की डिस्क आणि पॅड झिजून लोखंडाचे तापलेले कण उडतात. ते क्लिअरकोटला चिकटतात आणि दमट हवेत तिथेच गंजतात. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडच्या राखडीचा थरही चाकावर बसतो, पण तो पाण्याने सुटतो. लोखंडाचे कण सुटत नाहीत.

यासाठी आयर्न रिमूव्हर. चाक पूर्ण थंड, सावलीत, आणि आधी शॅम्पूने धुऊन पाणी निथळलेलं. पाणी साचलेल्या चाकावर मारलं तर पातळ होऊन वाहून जातं. एका चाकाला आतून-बाहेरून मिळून ६० ते ८० मिली पुरतं. दोन मिनिटांत जांभळे ओघळ येतात. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावतं, त्याचा हा रंग. वास उग्र असतो, हातमोजे हवेतच. तीन ते चार मिनिटं ठेवून लांब दांड्याच्या मऊ ब्रशने आतून फिरवलं. नटांच्या खोबणीत एक इंची रंगाचा ब्रश चांगला पोचतो. मग भरपूर पाणी. वाळू द्यायचं नाही, ही एकच अट. वाळलं तर जांभळट डाग राहतो. तसा डाग दिसला तर तिथेच पुन्हा फवारून अर्ध्या मिनिटात धुवावं.

मागच्या दोन चाकांना एकदा पुरलं. तिथे ड्रम ब्रेक आहेत, धूळ ड्रममध्येच राहते. पुढच्या दोघांना दोनदा लागलं. पॉलिश केलेल्या उघड्या ॲल्युमिनियमवर किंवा क्रोमवर हे वापरण्याआधी मागच्या कोपऱ्यात थेंबभर लावून बघावं. बाथरूमचं ॲसिड तर कुठल्याच चाकावर नाही. पहिल्या दिवशी चाक लख्ख दिसतं, पण क्लिअरकोटला जिथे चरा असेल तिथून ॲसिड आत शिरतं आणि काही महिन्यांत लेपाखाली पांढऱ्या गंजाच्या सुरकुत्या धावू लागतात.

डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने, कापडावर घेऊन. थेट फवारलं तर ते ओघळून आतल्या चिकटपट्टीच्या वजनापर्यंत जातं, पट्टीचा डिंक विरघळतो आणि वजन पडतं. काम सुरू करण्याआधी प्रत्येक वजनाची जागा खडूने खूण करून ठेवावी. रॉकेल रिमवर चालतं, पण टायरला लागू देऊ नये, रबर त्याने फुगतं आणि मऊ पडतं.

तिसरी सकाळ : क्षार आणि टायर

बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग म्हणजे कॅल्शियम. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, कापड भिजवून डागावर एक-दोन मिनिटं, मग धुणं. एका चाकावर चार डाग राहिले. ते लेपात कोरले गेलेत, पॉलिशशिवाय जाणार नाहीत. शेवटचं पाणी शक्यतो नळाचं घ्यावं. बोअरचंच असेल तर लगेच मायक्रोफायबरने टिपावं, हवेवर सुकायला सोडू नये. सुकलेल्या रिमवर व्हील सीलंटचा पातळ हात दिला, आतूनही. पुढच्या वेळी माती आणि धूळ निम्म्या कष्टात सुटते.

टायरचा तपकिरी रंग हा नुसता मळ नाही. ओझोनपासून रबराला जपणारं रसायन टायरमध्ये मिसळलेलं असतं. ते हळूहळू वर येतं आणि हवेत तपकिरी पडतं. ऑल पर्पज क्लीनर एकास पाच पाण्यात, ताठ ब्रश. फेस तपकिरी येतोय तोवर पुन्हा, पांढरा आला की थांबायचं. तीन फेऱ्या लागल्या. टायर पूर्ण सुकल्यावर पाण्यावर आधारित ड्रेसिंग, स्पंजावर थोडंसं, फक्त बाजूच्या भिंतीला. दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्यायचं, नाहीतर दरवाजांवर शिंतोडे उडतात. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला कधीच नाही. काळेपणासाठी डिझेल किंवा जुनं ऑइल फासायची पद्धत अजून दिसते, ती टायरला मारक आहे.

चौथी सकाळ : तपासणी, स्टेपनी, बसवणं

नक्षीची खोली गेजने तीन ठिकाणी मोजली : पुढच्यांना बाहेरून ४.५, मधे ४.५, आतून ३.२ मिमी. मागच्यांना सगळीकडे ५. कायद्याची मर्यादा १.६ मिमी. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर हवा जास्त, आणि अशी एकच कड झिजली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलेली. चाक न उतरवता आतली कड दिसत नाही, आणि आतल्या भिंतीवरचा फुगाही दिसत नाही. सिमेंट रस्त्याच्या तुटक्या कडेवर आपटल्याने आलेला फुगा दुरुस्त होत नाही, तो टायर बदलायचाच. टायरच्या वयासाठी भिंतीवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे : २३२१ म्हणजे २०२१ चा २३वा आठवडा.

स्टेपनीच्या रिमवर टायर टेकतो त्या कडेला गंज. सगळ्या कडेवर आणि व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी फासलं : व्हॉल्व्हच्या बुडातून बुडबुडे. पंक्चरवाल्याकडे टायर उतरवून व्हॉल्व्ह बदलायचा, तेव्हाच कड ३२० च्या पॉलिश पेपरने घासून घ्यायची. बाहेरचा गंज घासून रस्ट कन्व्हर्टर, प्राइमर आणि सिल्व्हर स्प्रेचे तीन पातळ हात, मधे १५ मिनिटं. हे पहाटेच उरकावं. ४० अंशांच्या वर स्प्रेचे थेंब पोचण्याआधीच वाळतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो.

बसवताना नट आधी हाताने, मग चांदणीच्या क्रमाने. मॅन्युअलप्रमाणे टॉर्क, बहुतेक हॅचबॅकना ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. पान्यावर उभं राहून आवळू नये. ८० किलोमीटरनंतर पुन्हा तपासला, एक नट थोडा फिरला.

हवा. दाराच्या खांबावरचा आकडा थंड टायरचा असतो. सकाळी २८ अंशांना ३३ पीएसआय भरली आणि पळून टायर ६५ अंशांपर्यंत तापला तर तीच हवा सुमारे ३९ दाखवते. ते योग्यच आहे. पंपावर घाबरून ३३ पर्यंत सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये २८ च्या आतबाहेर उरते. कमी हवेचा टायर दर फेऱ्याला जास्त दबतो, भिंत वाकून वाकून आतून तापते. समृद्धीवर तासन् तास १२० ने पळताना टायर फुटतो तो बहुतेकदा असा. म्हणून गेज घरचा, आणि मोजमाप निघण्याआधी.

वर्धा रोडवर ९० ला स्टेअरिंग आता स्थिर. वजनाच्या खुणा जागेवर असल्याने बॅलन्सिंग पुन्हा केलं नाही. पुढच्यांची आतली कड मात्र सांगतेय की अलाइनमेंट बाकी आहे. ते झाल्यावर पुढची चाकं मागे टाकायची.