कूलर लावला की डिस्क गायब: होम सर्व्हरची पुढची नोंद

घरच्या सर्व्हरच्या (फाइल साठवून टीव्हीला नाटकं पुरवणाऱ्या पीसीच्या) डिस्क अचानक गायब करणारा चोर सापडला. तो साटा कार्डात (पीसीला जास्तीच्या डिस्क जोडणाऱ्या कार्डात) नव्हता, केबलमध्ये नव्हता आणि डिस्कमध्ये तर मुळीच नव्हता. "ते एएसएम११६६ फेक आणि सरळ एलएसआयचं एचबीए घे" असं ज्यांनी ठासून सांगितलं होतं, त्यांनी जरा थांबावं. (एएसएम११६६ म्हणजे माझं साटा कार्ड, एचबीए म्हणजे सर्व्हरमधलं मोठं डिस्क कार्ड.) कार्ड अजून त्याच जागी आहे आणि मस्त चाललंय. शिवाय एचबीए म्हणजे दहाएक वॅट फुकट जाळणारी शेगडी. नागपूरच्या मे महिन्यात ती मी घरात घेणार नाही.

मांडणी तीच आहे. आय५-८५००टी प्रोसेसरचा जुना एक लिटरवाला (तेवढ्याच आकारमानाचा) पीसी, त्याच्या एम.२ स्लॉटमध्ये तेच सहा पोर्टचं कार्ड, मागच्या जाळीतून बाहेर ओढलेल्या केबल आणि शेजारी तीन डिस्कचा पिंजरा. पीसीला त्याचा मूळ १९ व्होल्टचा अडॅप्टर. पिंजऱ्याला वेगळा, १२ व्होल्ट ६ अँपिअर असं लिहिलेला. पिंजऱ्यातला छोटा कन्व्हर्टर त्यातूनच ५ व्होल्ट काढतो. सॉफ्टवेअर म्हणाल तर ओपनमीडियाव्हॉल्ट (सर्व्हरची प्रणाली), मर्जरएफएस (सगळ्या डिस्क एक करून दाखवणारं), स्नॅपरेड (डिस्क मेली तर डेटा परत मिळवून देणारं), जेलीफिन (टीव्हीला व्हिडिओ पुरवणारं). दोन्ही अडॅप्टर घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर.

एप्रिल सरत आला आणि डिस्क गायब व्हायला लागल्या. बाबा नाटक बघत असायचे, चित्र थिजायचं, फिरतं चक्र यायचं. मी एसएसएच करून (दुसऱ्या मशीनवरून आत शिरून) बघावं तर पीसी ठणठणीत, अपटाइम अखंड आणि लॉगमध्ये तिन्ही डिस्क एकाच सेकंदाला 'लिंक डाउन'. फाइल सिस्टिम रीड-ओन्ली. पिंजऱ्याचा प्लग काढून पुन्हा लावला की तिन्ही हजर, जणू काही झालंच नव्हतं. पहाटे कधी झालं नाही, रात्री उशिरा कधी झालं नाही. दुपार ते संध्याकाळ हीच वेळ.

साहजिकच पहिला संशय उन्हावर. हे तेच गाव आहे जिथे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ ला टेकला होता. सर्व्हर ठेवलेल्या कपाटात डिस्क ५५-५६ अंश दाखवत होत्या. बहुतेक डेटाशीटमध्ये कमाल मर्यादा ६० ते ६५ च्या आसपास असते. मर्यादेत असलं तरी सुखाचं नाही. कपाटाची मागची प्लाय कापून १२० मिमीचा पंखा बसवला, पिंजरा जमिनीपासून उचलला. पारा ४८ वर आला. डिस्क तरीही गायब. (पिंजरा कूलरच्या झोतात ठेवायची कल्पना कुणाला सुचली असेल तर ती सोडून द्या. आपल्या पाण्यातले क्षार थेंबांबरोबर उडतात. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तो बोर्डवर बसवून घ्यायचा नाही.)

मग स्मार्टचे (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींचे) आकडे नीट वाचायला बसलो. नोंद क्रमांक १९९, म्हणजे सीआरसी एरर (डेटा वाटेत बिघडणं), तिन्ही डिस्कवर शून्य. केबल किंवा कार्ड बिघडलं असतं तर हा आकडा आधी हलला असता. ५ आणि १९७ (खराब आणि संशयित सेक्टर) सुद्धा शून्य, म्हणजे तबकड्या ठीक. पण १२ (पॉवर सायकल) आणि १९२ (पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट) हे दोन्ही तिन्ही डिस्कवर हातात हात घालून वर चाललेले. पीसी एकदाही रीस्टार्ट झालेला नसताना डिस्कची वीज जाऊन येत होती. १९२ वाढणं तसं वाईटच. डिस्कला हेड शिस्तीत पार्क करायला वेळ मिळत नाही, उरलेल्या फिरत्या ऊर्जेवर ते घाईघाईत मागे खेचावे लागतात. कुणाच्या डिस्क अशा अधूनमधून हरवत असतील तर आधी हे पाच आकडे बघा, कार्ड नंतर बदला.

वीज जाते, पण का? याचं उत्तर बाबांनी सोफ्यावरून न उठता दिलं. "कूलर लावला का तुझं मशीन बंद पडते, एवढं तर मलाही समजते."

बर्डीच्या बाजारातून प्लगमध्ये खोचायचा आकडेवाला छोटा व्होल्टमीटर आणला आणि कपाटाशेजारच्या बोर्डात लावून भर दुपारी समोर बसलो. कूलर बंद असताना १८८. डेझर्ट कूलरचं बटण दाबलं, मोटर गुरगुरली, आकडा १७६ वर आपटला. इन्व्हर्टरने 'टक' केलं. त्याच क्षणी पिंजऱ्यातला सूर खाली घसरला, हेड पार्क झाल्याचे कटकट आवाज आले, मग तिन्ही मोटर पुन्हा उचलायला लागल्या आणि अर्ध्यात दम तोडला. पुन्हा उचल, पुन्हा ठप्प. पीसीचा निळा दिवा मात्र स्थिर. हा सगळा खेळ बाबांनी पंख्याखाली बसून पाहिला आणि "सांगितलं होतं" एवढंच म्हणाले.

आता हे टप्प्याटप्प्याने घेतो, कारण खरी गंमत इथेच आहे.

दुपारी सगळ्या कॉलनीचे एसी आणि कूलर चालू, त्यामुळे व्होल्टेज आधीच खाली. वायरमन भाऊंनी मीटरपाशी मोजून सांगितलं, "भाऊ, लाइनच कमी येऊन राहिली, घरात काही नाही." इन्व्हर्टर होता यूपीएस मोडवर. या मोडमध्ये साधारण १८० ते २६० व्होल्टची खिडकी असते. त्याखाली गेलं की तो लोड बॅटरीवर टाकतो आणि रिले (आतला स्विच) इकडून तिकडे जाईपर्यंत काही मिलिसेकंद दोन्हीकडून वीज नसते. एको मोडला खिडकी बरीच रुंद, १०० च्या आसपासपासून, म्हणजे दुपारची ही उडी टळेल. पण तिथे पलटायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे वीज खरोखर गेली की तोच तमाशा. दोन्ही मोडला एकेक भोक आहेच.

एवढासा खड्डा पीसीचा अडॅप्टर सहज पार करतो, मग पिंजऱ्याचाच का नाही? अडॅप्टरच्या आत इनपुटला एक मोठा कपॅसिटर असतो, खड्ड्यात तोच गाडी ओढतो. त्यात साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० ला तो सुमारे ३२५ व्होल्ट डीसीपर्यंत भरतो, १८५ ला सुमारे २६०. म्हणजे व्होल्टेज एक पंचमांश कमी, पण साठा फक्त ६५ टक्के. वर अडॅप्टर एका किमान व्होल्टेजखाली चालतच नाही, त्यामुळे वापरण्याजोगा साठा त्याहून कमी. पहाटे २३५ व्होल्टला हाच अडॅप्टर हाच खड्डा पचवत होता, म्हणून पहाटे काही होत नव्हतं.

अडॅप्टर उघडला. (घरी करणार असाल तर: प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो. रेझिस्टर लावून रिकामा करा, मीटरने शून्य बघा, मगच बोट लावा.) आत ४७ मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर. सगळ्या व्होल्टेजवर चालणाऱ्या सप्लायला ढोबळ हिशेब वॅटमागे दोन-तीन मायक्रोफॅरडचा असतो. ७२ वॅटला दीडशे तरी हवा. त्यात त्याचं डोकं किंचित फुगलेलं आणि मोजला तर तिशीच्याही आत. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. बंद कपाटात, डिस्कच्या गरम हवेत तो वाळून गेला होता. म्हणजे ऊन निर्दोष नव्हतंच, फक्त ते डिस्कला न मारता मागच्या दाराने आलं.

आणि पुन्हा चालू का होत नव्हतं? ३.५ इंची डिस्क उचलताना १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर मागते. तिन्ही एकदम म्हणजे सहा. अडॅप्टरवर सहा लिहिलंय, पण कमी व्होल्टेज आणि वाळका कपॅसिटर घेऊन तो सहा देणार कुठून? ओव्हरलोड, बंद, पुन्हा प्रयत्न, पुन्हा बंद. ब्रँड सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. दुकानात त्याच साच्याच्या डब्यावर दर महिन्याला वेगळं स्टिकर असतं. वजन मात्र हातात घेऊन बघा. ७२ वॅटचा म्हणवणारा अडॅप्टर फोनच्या चार्जरइतका हलका असेल तर तिथेच परत ठेवा.

नवा चांगला अडॅप्टर आणून विषय मिटवणार होतो. तेवढ्यात माळ्यावरच्या जुन्या कॅबिनेटमधला ४५० वॅटचा एटीएक्स (डेस्कटॉप पीसीचा) सप्लाय आठवला. हिरवी वायर काळ्या वायरला जोडली की तो मदरबोर्डशिवाय चालू होतो. पिंजरा त्याच्यावर टाकला, भर दुपारी कूलर चालू, बंद, चालू, मुद्दाम इन्व्हर्टरचा मेन पाडला, पुन्हा उचलला. डिस्क ढिम्म हलल्या नाहीत. १९२ जिथल्या तिथे. बाबांचा तिसरा अंक विनाअडथळा संपला.

कारण समजल्यावर तर हार्डवेअरचा सगळा विचारच बदलला. त्या सप्लायमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी आहे. त्यातलं सर्किट आतला कपॅसिटर ३८०-४०० व्होल्टच्या आसपास भरून ठेवतं, भिंतीत १८० येवो की २४०. म्हणजे वर्गाचा तो हिशेब इथे लागूच होत नाही. वर पूर्ण लोडला साधारण १६ मिलिसेकंद तग धरण्यासाठी बनवलेला सप्लाय इथे ३०-४० वॅटवर रमतगमत चाललाय, म्हणजे त्याची तग कैकपट. एकच सावधगिरी: स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर असे सप्लाय कुरकुर करतात. आमचा साइन वेव्ह आहे, म्हणून निभलं.

म्हणून आता आधी सप्लाय, मग केस (पीसीचा डबा), सगळ्यात शेवटी प्रोसेसर. आजवर आपण सगळे उलटंच करतो: एन१०० (इंटेलचा कमी वीज खाणारा प्रोसेसर) की आठव्या पिढीचा आय५ यावर तासन्‌तास भांडतो आणि विजेला उरलेल्या पैशात बसवतो.

प्रोसेसरचंच म्हणाल तर ८५००टी मला पुरतो. एचईव्हीसी १०-बिट व्हिडिओ तो हार्डवेअरवर सोडवतो. एव्ही१ हा नवा व्हिडिओ प्रकार त्याला जमत नाही, एन१०० ला जमतं, पण माझ्याकडे एव्ही१ मधलं काहीच नाही. माझं खरं दुखणं नाटकांच्या व्हीसीडी. बाबांकडे त्यांचा खोका भरलाय: एमपीईजी-१, ३५२ बाय २८८, ११५० केबीपीएस, एकेका नाटकाला दोन-तीन तबकड्या. त्यावरच्या .डॅट फाइलमध्ये आत साधा एमपीईजीच असतो, एफएफएमपीईजी या प्रोग्रामने नुसतं वेष्टन बदलून दोन-तीन भाग जोडून एक फाइल केली. टीव्हीला एमपीईजी-१ झेपत नाही, जेलीफिन ते जाता जाता एच.२६४ करून देतं आणि सीपीयू जेमतेम जागा होतो. मध्यंतराला तबकडी बदलायला उठावं लागत नाही याचं बाबांना जे कौतुक आहे, ते फोर-के एचडीआरचं कुणालाच नाही.

तरीही बोर्ड बदलायचं चाललंय, पण प्रोसेसरसाठी नाही. एक लिटरवाल्याला एटीएक्स सप्लाय जोडता येत नाही. पीसी एका सप्लायवर आणि डिस्क दुसऱ्यावर हा दुभंग मला आता नकोच. जायचं तर सगळं एकदम जाऊ दे. चालू पीसीखालून डिस्क सटकणं सगळ्यात वाईट. स्नॅपरेड आहे म्हणून एफएससीके करून (फाइल सिस्टिम तपासून) सुटलो, झेडएफएस (डिस्कचा एकच पूल बांधणारी फाइल सिस्टिम) असतं तर पूल तिथेच अडून बसला असता. म्हणून २४ पिनवाला (एटीएक्सचा प्लग घेणारा) एन१०० चा मिनी-आयटीएक्स (छोट्या मापाचा) बोर्ड, हेच एएसएम११६६ आणि एक एसएफएक्स (एटीएक्सचाच छोटा भाऊ) सप्लाय. जेएमबी५८५ चिपच्या कार्डाकडे वळू नका, सी-स्टेट (प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्या) वरच अडकून राहतात आणि काम नसतानाही वॅट जातात.

हे लिहिता लिहिता आणखी एक सुचलं: सगळं थेट १२ व्होल्ट लिथियम फॉस्फेट बॅटरीवर का नको? चार सेलचा पॅक पूर्ण भरल्यावर १४.६ ला जातो, डिस्कला १२ च्या वरखाली १० टक्केच चालतात. म्हणजे मध्ये बक-बूस्ट (व्होल्टेज वरखाली करून स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर) आला, म्हणजे आणखी एक स्वस्त डबा आणि त्यातही तसलाच कपॅसिटर. नको. छोटा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्यावा तर त्यातली लेड अ‍ॅसिड बॅटरी आपल्या उन्हाळ्यात झपाट्याने म्हातारी होते. तो दिवाळीनंतर बघू.

चौथी डिस्क घ्यायचीय, पण सीएमआरच (ट्रॅक शेजारीशेजारी लिहिणारी). २०२० मध्ये डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलमध्ये गाजावाजा न करता एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवणारी, लिहायला संथ पद्धत) घातल्याचं उघड झालं, तेव्हापासून नावावर नाही, मॉडेल नंबरवर विश्वास. रेड प्लस किंवा आयर्नवुल्फ. रिफर्बिश्ड सर्व्हर डिस्क स्वस्त दिसल्या तर दोन गोष्टी आधी तपासा: ती सास (सर्व्हरमधला वेगळा जोड) तर नाही (साटा पोर्टला ती बसतच नाही), आणि सीगेट असेल तर स्मार्टसीटीएल ७.४ किंवा त्यापुढच्या आवृत्तीने फार्म लॉग (सीगेटची स्वतःची वापराची नोंद) काढा. तिथले तास आणि स्मार्टमधले तास जुळले नाहीत तर हसून नमस्कार करा.

केस तेवढी अडलीय. चार ३.५ इंची डिस्क, एसएफएक्स सप्लाय, मिनी-आयटीएक्स, आणि कपाटाची आतली खोली ३८ सेंमी. मागे साटा केबलचं वळण आणि पंख्याला श्वास घ्यायला पाच-सहा सेंमी सोडावे लागतील. साइटवर दिलेली मापं कधी हँडलसकट असतात, कधी पायांशिवाय. कुणाकडे अशी केस असेल तर टेप लावून मोजा आणि पुढच्या पट्टीपासून मागच्या स्क्रूपर्यंतचा खरा आकडा कळवा. तोवर माळ्यावरचा सप्लाय हिरव्या-काळ्या वायरच्या तुकड्यावर ड्यूटी करतोय, आणि तो तुकडा मी टेपने गुंडाळून ठेवलाय, कारण कामाच्या बाईंना फरशी पुसताना त्याच्याबद्दल फार कुतूहल वाटतं.