विरलेल्या पातळाचा कुर्ता आणि मास्क : टाळेबंदीतलं शिवणकाम, माझा अनुभव

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आमच्या यवतमाळकडच्या गावांत आठवडी बाजार बंद झाला. कापडाचं दुकान, दोऱ्या-बटणांचं दुकान, फॉल-पिकोवाला, सगळंच बंद. घरात मात्र पेटीभर सुती पातळं, म्हणजे साड्या होत्या आणि पायाची शिलाई मशीन होती. त्या दोन वर्षांत मी जे शिवलं ते बहुतेक या दोन गोष्टींवर. जुन्या कापडाचं काम नव्यापेक्षा वेगळं असतं. नव्या कापडाला माप विचारायचं. जुन्याला आधी विचारायचं, तुझ्यात जीव कुठे उरलाय?

मशीनपासून सुरुवात करते, कारण बहुतेक घरी ती कोपऱ्यात झाकून असते आणि बाहेर काढली की जड चालते. जुनं तेल आतमध्ये चिकट होऊन बसलेलं असतं. मशीनचं डोकं मागे पाडून खालच्या प्रत्येक सांध्याला आणि वरच्या तेलाच्या भोकांना रॉकेलचा एकेक थेंब सोडला, कापड दाबणारा फूट वर उचलून दहा मिनिटं रिकामी मशीन चालवली, फडक्याने काळा मळ पुसला आणि मग मशीनचं पातळ तेल दिलं. हे करताना जवळ चूल किंवा दिवा नको. खोबरेल तेल कधीही घालू नका. सुरुवातीला मशीन हलकी चालते, पण ते तेल सुकून गोंदासारखं होतं आणि थंडीत तर थिजतं. तेल दिल्यावर चिंधीवर दोन-चार ओळी शिवून जास्तीचं तेल निघू द्यायचं, नाहीतर पहिल्याच कपड्यावर डाग पडतो.

चामड्याचा पट्टा ढिला झाला की पायडल फिरतं पण चाक घसरतं. नवा पट्टा मिळत नव्हता. तारेची कडी उघडून पट्टा अर्धा इंच कापायचा, खिळ्याने नवं भोक पाडायचं आणि कडी परत दाबायची. एकदम इंचभर कापू नका, फार ताणला तर पायडल जड होतं.

सुती कापडाला १४ नंबरची सुई. फार तलम पातळ असेल तर ११. सुईच्या दांड्याची एक बाजू चपटी असते आणि तिच्या विरुद्ध बाजूला लांब खाच असते. दोरा खाचेच्या बाजूने ओवायचा. ही एक गोष्ट चुकली की टाके सुटतात, आणि आपण उगाच बॉबीनला दोष देतो. टाके सुटायचं दुसरं कारण वाकलेली सुई. काचेवर सपाट ठेवून पाहिली की कळतं. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे झुपके येत असतील तर दोष वरच्या दोऱ्याचा असतो, बहुतेक वेळा तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवा. चकत्या तेव्हाच उघड्या असतात. आणि वर्षानुवर्षं पडून असलेली सुती रीळ वापरण्याआधी हातभर दोरा ओढून पाहा. सहज तुटत असेल तर ती फक्त कच्च्या टाक्याला ठेवा.

आता पातळ. उभ्या दारात, उजेडासमोर धरायचं. जिथे विणीतून उजेड ठिपक्यांसारखा येतो ती जागा विरलेली. मग दोन्ही अंगठे इंचभर अंतरावर ठेवून कापड आधी आडवं, मग उभं ओढायचं. करकर आवाज आला किंवा दोरे सरकले की तिथे खडूने फुली मारायची. साधारणपणे बसायच्या जागेचं कापड, पायाशी घासणारा खालचा काठ आणि पदराला पिन लागते ती जागा आधी जाते. निऱ्यांचा भाग घडीत राहतो म्हणून बऱ्याचदा चांगला निघतो, आणि आतला खोचायचा मीटरभर भाग रंगालाही ताजा असतो. साडेपाच मीटरच्या पातळातून कुर्त्याच्या कामाचं तीन-साडेतीन मीटर निघालं तरी चांगलं समजा. फुल्या मारलेला भाग फेकायचा नाही, तो गोधडीला जातो.

बेतायच्या आधी पातळ धुवून भाताच्या पेजेत बुडवायचं, झटकून वाळवायचं आणि ओलसर असतानाच इस्त्री करायची. जुनं सूत इतकं मऊ असतं की कात्रीखाली सरकतं. पेजेने ते कागदासारखं धरतं.

टाळेबंदीत मापं घेणं हा वेगळाच प्रश्न होता. शेजारच्या बाईच्या अंगाला टेप लावायचा नाही, मग कसं शिवायचं? उपाय सोपा निघाला : नीट बसणारा जुना कुर्ता किंवा पोलकं पिशवीत घालून मागवायचं, दिवसभर उन्हात टाकायचं आणि त्यावरून माप घ्यायचं. कुर्ता सपाट अंथरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत माप, त्याची दुप्पट म्हणजे तयार छाती. त्यात ढिलाई आधीच धरलेली असते, वरून पुन्हा मिळवायची नाही. ही चूक माझ्याकडून झाली आहे आणि कुर्ता चार इंच मोठा आला.

माप जुन्या कुर्त्याचं नसून अंगाचं असेल, समजा छाती ३६ आणि सीट (कमरेखालचा घेर) ४०, तर ढिलाई मिळवून बेत असा. पातळाचा पन्हा (रुंदी) ४६ इंच धरला, तर कुर्ता पातळाच्या लांबीत न बेतता पन्ह्यात बेतायचा, म्हणजे खांदा वरच्या काठाकडे आणि घेर खालच्या काठावर. काठ आपोआप कुर्त्याच्या तळाशी येतो, खाली दुमडायची गरज राहत नाही आणि तुरपाईची मेहनत वाचते. तयार लांबी ४०, खांद्याची शिलाई अर्धा इंच. वरचे पाच-साडेपाच इंच उरतात. त्यातला वरचा काठ पट्टी म्हणून अखंड कापून ठेवा, तो पुढे लागतो.

सीट ४० अधिक ४ इंच ढिलाई म्हणजे ४४. त्याचा चौथा भाग ११, त्यात एक इंच शिलाई, म्हणजे १२. एका पाटाला २४ इंच, पुढचा आणि मागचा मिळून ४८. छातीला ३६ अधिक ४, चौथा भाग १०, शिलाईसह ११. अर्धा खांदा ७ अधिक अर्धा. मुंढा (बाही जोडायची काखेजवळची गोलाई) साडेसात. गळा रुंदीला ६, पुढे खोल ६, मागे अडीच. बाह्यांना पातळाचे आणखी १६ इंच लागतात. एक बाही खालच्या काठावर आणि दुसरी वरच्या काठावर उलटी बेतली की दोन्ही बाह्यांच्या तोंडाशी काठ येतो. बाहीची लांबी ११ इंच धरली तर मध्ये २४ इंचाचा तुकडा राहतो, त्यात खिसा आणि गळ्याची उरेब (तिरपी कापलेली) पट्टी निघते. एकूण ६४ इंच, म्हणजे पावणेदोन मीटरच्या आत एक कुर्ता.

दोन गोष्टी आधी बघा. पातळाला लांबीत रेघा असतील तर त्या कुर्त्यावर आडव्या येतील. चौकडीला काही फरक पडत नाही. आणि बुटीला डोकं-पाय असेल तर ती कुठल्या तोंडाने उभी राहते ते कापायच्या आधी पाहा.

जुन्या कापडाला टाका बारीक ठेवायचा नाही. इंचाला नऊ-दहा टाके पुरेत. बारीक टाक्यात सुईची भोकं इतकी जवळ येतात की कापड त्या ओळीवरच फाटतं. आणि अंगाला घट्ट कुर्ता जुन्या पातळाचा कधी शिवू नका. पाठीवर, मुंढ्याच्या जवळ ताण येतो आणि महिनाभरात तिथे फट दिसते. पाठ जरा विरलेली वाटली तर खांद्यापासून १४ इंचांपर्यंत दुसऱ्या मऊ सुती कापडाचं अस्तर लावा. अस्तर नवं असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि बाहेरचं कापड चुरगळल्यासारखं दिसतं.

पिको नव्हता म्हणून बाजूच्या शिलाया दुहेरी बंद केल्या. सुलट बाजू बाहेर ठेवून आधी पाव इंचावर शिवायचं, निघालेले दोरे कापायचे, कापड उलटवून पुन्हा जरा जास्त अंतरावर शिवायचं. कच्ची कडा आत बंद होते. बाजूचा कट (खालची उघडी चीर) खांद्यापासून २३ इंचांवर सुरू केला. तिथे दोन वेळा मागेपुढे शिवून घ्या, जुनं कापड सगळ्यात आधी कटाच्या टोकाशी फाटतं. गळ्याला सव्वा इंच रुंद, जोडून २६ इंचांची उरेब पट्टी. ती सरळ दोऱ्यात कापली तर गळा उभा राहतो. खिसा साडेसहा बाय सात, पुढच्या उजव्या अंगाला, त्याच्या तोंडावर वाचवलेल्या काठाची पट्टी. शेतात जाताना आपल्याकडे बाया लुगड्यावर घरच्या माणसाचा शर्ट चढवतात, त्याला खिसा असतो म्हणून तो किती कामाचा हे त्यांना माहीत आहे. कुर्त्याला खिसा लावलाच पाहिजे, या मताची मी आहे.

मास्कबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण घरोघरी चुकीचे शिवलेले मी पाहिले. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपट्टा तोंडाला बांधायची सवय जुनीच, पण दुपट्ट्याची विरळ वीण उन्हाला आणि धुरळ्याला ठीक. मास्कला दाट विणीचं सुती कापड हवं आणि थर किमान दोन, शक्यतो तीन. मोठ्या माणसाला ९ इंच रुंद आणि ७ इंच उंच तुकडे. पाव इंचावर वरची आणि खालची बाजू शिवून उलटवलं की उंची साडेसहा राहते. तीन चुण्या घालायच्या, प्रत्येक चुणी एक इंच कापड खाते, म्हणजे बाजूला साडेतीन इंच उरतात. चुण्यांची तोंडं खाली हवीत. वर ठेवली तर तूर काढताना, कापूस वेचताना धुरळा त्यांतच साठतो. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला मास्क लावायचा नाही.

आतला थर वेगळ्या रंगाचा ठेवा, शक्यतो जुन्या धोतराचा पांढरा. एकदा काढून ठेवलेला मास्क परत लावताना आतली बाजू कुठली हे लगेच कळतं, आणि घामाने ओला झाला तेही दिसतं. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे पारा गेला की तासाभरात मास्क भिजतो. ओल्या कापडातून श्वास ओढवत नाही, मग माणूस तो हनुवटीवर घेतो. म्हणून बाहेर जाताना खिशात दोन जास्तीचे ठेवायचे आणि वापरलेल्यांना वेगळी पिशवी.

इलॅस्टिक मिळत नव्हतं. खरं सांगायचं तर त्याचं काही बिघडलं नाही. रोजच्या गरम पाण्यात आणि उन्हात ते लवकर सैल पडतं आणि कान सोलतात. त्याऐवजी पातळाच्या लांबीत दीड इंच रुंदीच्या पट्ट्या फाडून, चार पदरी दुमडून नाड्या शिवल्या, प्रत्येक १७ इंचांची, एका मास्कला चार. वरची जोडी अंबाड्याच्या वर, खालची मानेशी. उरेब कापडाच्या नाड्या करू नका, त्या ताणून लांब होतात. नाकावर बसायला जुन्या विजेच्या वायरमधली चार इंच तांब्याची तार, दोन्ही टोकं वळवून, वरच्या कडेच्या दुमडीत. लोखंडी बांधायची तार घातली की तिसऱ्या धुण्याला गंजाचा डाग उमटतो. नाड्या जोडताना चुणीच्या टोकाशी दहापेक्षा जास्त पदर एकत्र येतात, तिथे पाय थांबवून चाक हाताने फिरवायचं. माझ्या बहुतेक सुया इथेच मोडल्या. १६ नंबरची सुई असेल तर एवढ्यापुरती लावा.

धुण्याबद्दल : नवीन गडद रंगाच्या पातळाचा मास्क करू नका. ओलं पांढरं फडकं त्यावर घासून पाहा, रंग लागला तर ते कापड कुर्त्याला ठेवा. साबणाच्या गरम पाण्यात धुवून कडक उन्हात, नाड्या वर करून वाळत घालायचा.

दिसण्याकडे मी दुर्लक्ष केलं नाही. घरातल्या घरात असलो तरी गाऊनमध्येच दिवस काढायचा नाही, नीट कापलेला कुर्ता घालायचा, हे मी ठरवून केलं. एप्रिल २०२१ मध्ये लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती, तेव्हा नवरीकडच्या बायांसाठी पोलक्याच्या कापडाचे मास्क मागितले गेले. जरीचं किंवा चमकीचं कापड नाकाला टोचतं, गरमही होतं. मी बाहेरचा थर साधा सुती ठेवला आणि वाचवलेल्या काठाची अर्ध्या इंचाची पट्टी फक्त वरच्या कडेला लावली. रंग जुळतो, टोचत नाही. अख्खा मास्क कुर्त्याच्याच कापडाचा केला तर चेहरा कपड्यात हरवतो. काठाचा एखादा रंग उचलून साधा मास्क केला की चांगला दिसतो, आणि तोच मास्क तीन-चार पातळांवर चालतो.

कुर्ता पहिल्यांदा धुताना पेज निघून जाते आणि कापडाचा खरा मऊपणा परत येतो. तेव्हा पुन्हा एकदा उजेडासमोर धरा, मुंढा आणि कटाचं टोक पाहा. दोरे सरकलेले दिसले तर लगेच आतून त्याच पातळाचा रुपयाएवढा तुकडा ठेवून हाताने रफू करा. त्यासाठी प्रत्येक पातळाचा वीतभर तुकडा मी नाव लिहून पेटीत ठेवते.